समुद्रतळाशी भरणारी शाळा

जमैका बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या किंग्स्टन शहरासमोर, वाळूची एक लांबट पट्टी समुद्रात शिरली आहे. तिच्या टोकाशी सतराव्या शतकात पोर्ट रॉयल हे इंग्रजांचे बंदर भरभराटीला आले होते. १६५५ मध्ये इंग्रजांनी स्पॅनिशांकडून जमैका जिंकल्यानंतर अवघ्या साडेतीन दशकांत ते अमेरिका खंडातील सर्वांत गजबजलेल्या इंग्रजी वसाहतींपैकी एक झाले. व्यापारी, कारागीर, गुलामांचे दलाल आणि राजाच्या परवान्याने स्पॅनिश जहाजे लुटणारे खलाशी असे सगळे तेथे दाटीवाटीने राहत. ७ जून १६९२ रोजी दुपारी बाराच्या सुमारास झालेल्या भूकंपाने या गावाचा निकाल लावला. हादऱ्यांनी घरांखालची ओली वाळू चिखलासारखी पातळ झाली, इमारती उभ्याच्या उभ्या खाली खचल्या आणि ५१ एकरांच्या गावापैकी सुमारे ३३ एकर भाग समुद्रात गेला. त्याच दिवशी सुमारे दोन हजार माणसे मृत्युमुखी पडली, असे मानले जाते.

या बुडालेल्या गावातून १९५९ मध्ये पाणबुड्यांनी एक खिशातले घड्याळ वर काढले. क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले असता त्याचे काटे अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटांवर थांबलेले दिसले. या घड्याळाची हकीगत जगभर छापून आली. मात्र पोर्ट रॉयलविषयी आज जे तपशीलवार ज्ञान उपलब्ध आहे, त्यातील मोठा वाटा त्यानंतर बावीस वर्षांनी सुरू झालेल्या आणि वृत्तपत्रांत फारशी न गाजलेल्या एका उपक्रमाचा आहे. १९८१ पासून १९९० पर्यंत, सलग दहा उन्हाळे, अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने तेथे विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण शिबिर भरवले. इंग्रजीत ज्याला 'फील्ड स्कूल' म्हणतात, तेच हे. सागरी पुरातत्त्व या तुलनेने तरुण ज्ञानशाखेचे बरेचसे संशोधन अशाच शाळांच्या आधारावर उभे आहे.

दहा उन्हाळ्यांचे उत्खनन

फील्ड स्कूल ही कल्पना मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने जे उत्खनन केले, त्यातून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे घर, शेत आणि दफनविधी जसे उलगडले, तशीच पुरातत्त्वज्ञांची एक पिढीही घडली. खड्ड्यात बसून माती खरवडणे, थराचा रंग ओळखणे, खापराच्या प्रत्येक तुकड्याची नोंद करणे हे वर्गात शिकवता येत नाही. ते खड्ड्यातच शिकावे लागते. सागरी पुरातत्त्वात हाच खड्डा पाण्याखाली असतो आणि एवढ्या एका फरकाने सगळी गणिते बदलतात.

पोर्ट रॉयल प्रकल्पाची धुरा डॉनी हॅमिल्टन यांच्याकडे होती. विद्यापीठासोबत इन्स्टिट्यूट ऑफ नॉटिकल आर्किऑलॉजी ही संशोधन संस्था आणि जमैकाचा राष्ट्रीय वारसा न्यास हे भागीदार होते. उत्खननासाठी जागा निवडली ती लाइम स्ट्रीट या बुडालेल्या रस्त्यालगतची. येथे पाणी उथळ होते, आणि शाळेच्या दृष्टीने ही बाब निर्णायक ठरली. खोल पाण्यात माणसाच्या शरीरात नायट्रोजन साठत जातो; त्यामुळे तळाशी थांबण्याची वेळ मोजून द्यावी लागते आणि वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावे लागते. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील उलुबुरुन येथे कांस्ययुगीन जहाजाचे जे प्रसिद्ध उत्खनन १९८४ ते १९९४ या काळात झाले, तेथे अवशेष ४४ मीटर आणि त्याहून अधिक खोलीवर होते. प्रत्येक पाणबुड्याला दिवसातून दोनदा, दर वेळी सुमारे वीसच मिनिटे, काम करता येई. त्या उत्खननाला अकरा हंगाम आणि बावीस हजारांहून अधिक बुड्या लागल्या, त्या यामुळेच. नवख्या विद्यार्थ्याला अशा ठिकाणी शिकवणे परवडणारे नसते. पोर्ट रॉयलला मात्र पृष्ठभागावरील कॉम्प्रेसरमधून लांब नळीने हवा घेत विद्यार्थी तासन्‌तास तळाशी बसू शकत. चूक झाली तर ती दुसऱ्या दिवशी सुधारायला वेळ होता.

दहा हंगामांत आठ इमारती तपासल्या गेल्या. त्यांपैकी एक विटांची, चांगल्या बांधणीची होती. तिच्या तळमजल्यावर सहा खोल्या होत्या आणि त्यांत दोन-दोन खोल्यांची दुकाने थाटलेली असावीत, असे तेथील वस्तूंवरून दिसले. एका भागात मद्यगृह, एका भागात तंबाखूच्या चिलमींचे दुकान, तर एका भागात चांभारकाम आणि लाकूड कातण्याचे काम. दुसऱ्या एका इमारतीत तर चक्क जहाजाचा सांगाडा सापडला. भूकंपाच्या लाटेने नांगरवाड्यातले जहाज उचलून घराच्या भिंती फोडत आत आणले होते. ते 'स्वान' हे इंग्रज आरमाराचे जहाज असावे, असा एक अंदाज आहे. एरवी शंभर-दीडशे वर्षांचा संसार एकावर एक साचलेल्या गावात कोणती वस्तू कोणत्या पिढीची हे ठरवणे अवघड जाते. पोर्ट रॉयलला एक क्षण गोठून राहिला होता, म्हणून त्याची तुलना पाँपेईशी केली जाते.

अर्थात ही तुलना फार ताणू नये. पोर्ट रॉयल बुडाल्यानंतरही त्याच्यावरून जहाजांची ये-जा चालूच राहिली. बुडालेल्या घरांतून लोकांनी मिळेल ते ओढून काढले, आणि नंतरच्या काळातील बाटल्या, खापरे, चिलमी वरून पडत गेल्या. म्हणजे १६९२ चा थर आणि त्यावरचा अठराव्या शतकाचा थर यांत फरक करता येणे, हीच या उत्खननाची खरी कसोटी होती. गुडघाभर गाळात, हाताने चाचपत काम करणाऱ्या विशीतल्या विद्यार्थ्यांच्या शिस्तीवर ती अवलंबून होती.

पाण्याखालचा धडा

अशा शाळेत शिकायचे तरी काय असते? पाण्यात बुडी मारता येणे ही केवळ प्रवेशाची अट. पाणबुड्याचे प्रमाणपत्र हाती असलेला तरुण तळाशी पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी पायातल्या पंखांनी गाळ ढवळतो आणि स्वतःच्याच समोरचे दृश्य मिटवून टाकतो. म्हणून आधी शिकवले जाते ते शरीराचा तोल सांभाळून तळाला न शिवता तरंगणे. त्यानंतर मोजमाप. तळावर धातूच्या किंवा प्लास्टिकच्या नळ्यांची चौकट बसवली जाते, ठरावीक स्थिर बिंदू नक्की केले जातात आणि प्रत्येक वस्तूचे तीन बिंदूंपासूनचे अंतर टेपने मोजून तिची जागा ठरवली जाते. नोंदी पाण्यात न भिजणाऱ्या प्लास्टिकच्या कागदावर शिसपेन्सिलीने होतात. प्रवाह असला की टेप धनुष्यासारखी वाकते आणि माप चुकते. थंडीने बोटे बधिर होतात. मुखवट्याच्या काचेतून प्रत्येक वस्तू प्रत्यक्षाहून मोठी आणि जवळ भासते. या तीन गोष्टी पुस्तकात एका ओळीत लिहिता येतात, पण त्यांची सवय व्हायला कित्येक दिवस जातात.

मग येतो उकरण्याचा भाग. पाण्याच्या झोताच्या जोरावर गाळ ओढून घेणारा जाड नळ वापरून थर हलके हलके दूर केला जातो. हा नळ हाताळण्याची रीत मोठी गमतीची असते: एका हाताने गाळ सावकाश हलवून नळाच्या तोंडाकडे ढकलायचा, नळ कधीही थेट वस्तूवर रोखायचा नाही. उतावळ्या विद्यार्थ्याच्या हातून काचेचा तुकडा किंवा माशाचा काटा क्षणात नळात जातो. म्हणून नळाच्या दुसऱ्या टोकाला जाळी लावलेली असते आणि ती चाळणाराही एक विद्यार्थीच असतो. चाळणीत जे सापडते त्यावरून खाली काम करणाऱ्याची परीक्षा होते.

गेल्या दीड दशकात यातील काही पद्धती बदलल्या. एकमेकांवर चढणारी शेकडो छायाचित्रे काढून संगणकाच्या साहाय्याने तळाची त्रिमिती प्रतिकृती तयार करण्याचे तंत्र आता सर्रास वापरले जाते आणि त्यामुळे टेपने मोजण्याचे कष्ट पुष्कळ कमी झाले. तरीही बहुतेक शाळांनी टेप आणि पेन्सिल सोडलेली नाही, आणि ते योग्यच आहे. गढूळ पाण्यात छायाचित्र येत नाही. शिवाय वस्तू स्वतः रेखाटताना डोळा जे टिपतो ते कॅमेरा टिपेलच असे नाही. लाकडावरची हत्याराची खूण रेखाटणाऱ्यालाच दिसते.

एक बाब मात्र पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवली जाते. उत्खनन म्हणजे नियंत्रित विध्वंस. एकदा उकरलेला थर पुन्हा घालता येत नाही. अणुभौतिकीतला प्रयोग फसला तर तो पुन्हा करता येतो. सोळाव्या शतकातले जहाज पुन्हा बुडत नाही. या एकाच कारणाने फील्ड स्कूलवर आक्षेपही घेतले गेले आहेत. अननुभवी हातांत अनमोल अवशेष का द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे व्यवहारी उत्तर असे, की बहुतेक शाळा शिकाऊ विद्यार्थ्यांना आधी केवळ पाहणीचे काम देतात. तळाचे नकाशे, उघड्या पडलेल्या तोफा आणि नांगर यांची मोजमापे, छायाचित्रण ही कामे वस्तूला हात न लावता होतात आणि संशोधनाला तेवढीच उपयोगी पडतात. युनेस्कोने २००१ मध्ये संमत केलेल्या जलमग्न सांस्कृतिक वारशाच्या करारातही अवशेष जागच्या जागी जतन करण्याच्या पर्यायाचा प्रथम विचार व्हावा, असेच म्हटले आहे.

आणखी एक आक्षेप पैशाचा. अमेरिकेतील बहुतांश शाळांत विद्यार्थ्यालाच शुल्क भरावे लागते. म्हणजे जो श्रम करतो तोच पैसेही देतो, आणि ज्याच्या घरी ऐपत नाही तो या वाटेला फिरकत नाही. प्रकल्पाचा खर्च भागतो, हे खरे. पण ही ज्ञानशाखा दीर्घकाळ मूठभर श्रीमंत देशांच्या हाती राहिली, त्याचे हेही एक कारण आहे.

हंगाम संपल्यावर

समुद्रातील एका महिन्याच्या कामामागे प्रयोगशाळेत कितीतरी अधिक काळ लागतो. समुद्रात शतकानुशतके राहिलेल्या लोखंडाभोवती वाळू, शिंपले आणि क्षार यांचा दगडासारखा कठीण गोळा जमतो. आत लोखंड उरलेले असेलच असे नाही. पुष्कळदा केवळ पोकळी असते. मग क्ष-किरण छायाचित्र घेऊन त्या पोकळीत राळ ओतायची आणि वरचे कवच फोडून मूळ हत्याराचा साचा मिळवायचा. लोखंड शिल्लक असेल तर विद्युत्‌प्रवाहाच्या साहाय्याने त्यातील क्षार काढण्यासाठी महिनोन्‌महिने, तोफेसारख्या मोठ्या वस्तूला वर्षानुवर्षे लागतात. पाणी प्यालेले लाकूड वाळू दिले की तडकून वाकते. म्हणून त्यात पॉलिएथिलिन ग्लायकॉल हे मेणासारखे रसायन मुरवावे लागते. इंग्लंडमधील 'मेरी रोझ' हे युद्धनौकेचे खोड १९८२ मध्ये वर काढले गेले आणि त्यावरील फवारणी २०१३ मध्ये थांबली.

पोर्ट रॉयलच्या वस्तू संवर्धनासाठी टेक्सासला नेल्या गेल्या. उन्हाळ्यात ज्याने वस्तू उकरली, त्यालाच हिवाळ्यात ती प्रयोगशाळेत स्वच्छ करताना पाहायला मिळे. त्यापुढची पायरी प्रबंधाची. जहाजाच्या सांगाड्यावर एक प्रबंध झाला, प्यूटर या कथिलप्रधान मिश्रधातूच्या ताटवाट्यांवर एक झाला, चिलमींवर एक झाला. या प्रबंधांचे संशोधनातील मोल समजून घेण्यासाठी चिलमींचेच उदाहरण पाहावे. पांढऱ्या मातीच्या या चिलमी स्वस्त आणि ठिसूळ. माणसे त्या वापरून फेकून देत, त्यामुळे सतराव्या शतकातील कोणत्याही इंग्रजी वसाहतीत त्यांचे ढीग सापडतात. १९५४ मध्ये जे. सी. हॅरिंग्टन या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिले, की काळ पुढे जातो तसे त्यांच्या नळीचे छिद्र अरुंद होत जाते. म्हणजे छिद्राचा व्यास मोजून ठिकाणाचा काळ ठरवता येतो. परंतु ही कसोटी स्वतः तपासायची तर ज्याचा काळ आधीच नक्की ठाऊक आहे असा मोठा साठा हवा. पोर्ट रॉयलने तो दिला, वीस हजारांहून अधिक चिलमींचा. एवढ्या चिलमी एक-एक करून मोजण्यासाठी कोणताही ज्येष्ठ प्राध्यापक आयुष्याची काही वर्षे देणार नाही. पदवीसाठी धडपडणारा विद्यार्थी ती देतो.

प्यूटरच्या ताटांवर कारागिराचे शिक्के होते. त्यांतील काहींवर अननसाच्या चित्रासह 'एस बी' ही अक्षरे होती. जमैकाच्या जुन्या दप्तरात सायमन बेनिंग नावाच्या प्यूटर कारागिराची नोंद मिळाली आणि पोर्ट रॉयलमध्येच त्याचा धंदा होता, हेही कळले. त्याच दप्तरात मृत व्यक्तींच्या घरातील मालमत्तेच्या याद्या आहेत. कागदावरची यादी आणि समुद्रतळावरचे घर यांचा असा मेळ घालण्याची संधी इतिहासकाराला क्वचितच मिळते. २०२५ मध्ये युनेस्कोने सतराव्या शतकातील पोर्ट रॉयलच्या पुरातत्त्वीय अवशेषांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

अर्थात प्रत्येक शाळेचा शेवट असा प्रबंधात होत नाही. वस्तू वर काढल्या, संवर्धनाला पैसे उरले नाहीत, अहवाल लिहिणारा दुसरीकडे नोकरीला गेला, अशी उदाहरणे या क्षेत्रात थोडी नाहीत. ज्या हंगामाचा अहवाल प्रसिद्ध झाला नाही तो हंगाम संशोधनाच्या दृष्टीने लुटीपेक्षा फारसा वेगळा नाही, असे कठोरपणे म्हणावे लागते.

पाणबुड्यांपासून कोळ्यांपर्यंत

सागरी पुरातत्त्वातील शिक्षण हे विद्यापीठापुरते मर्यादित नाही. बुडालेली जहाजे बहुधा प्रथम दिसतात ती कोळ्यांना किंवा पाणबुड्यांना. इन्स्टिट्यूट ऑफ नॉटिकल आर्किऑलॉजीचे संस्थापक जॉर्ज बास यांनी १९६० मध्ये तुर्कस्तानात समुद्रतळावरील पहिले पद्धतशीर उत्खनन केले, तेव्हापासून त्यांना याची जाणीव होती. त्यांचे सहकारी स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांच्या गावी जाऊन चित्रे दाखवीत आणि तळाशी असे काही दिसल्यास कळवा, असे सांगत. १९८२ मध्ये एका तरुण पाणबुड्याने आपल्या कप्तानाला 'कान असलेली धातूची बिस्किटे' पाहिल्याचे सांगितले. ती कांस्ययुगीन तांब्याच्या लाद्यांची आकृती होती. उलुबुरुनचे जहाज असे सापडले. इंग्लंडमध्ये 'मेरी रोझ'साठी शेकडो हौशी पाणबुड्यांनी बुड्या मारल्या. त्या अनुभवातूनच १९८० च्या दशकात नॉटिकल आर्किऑलॉजी सोसायटीचा हौशी पाणबुड्यांसाठीचा टप्प्याटप्प्याचा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे तो अनेक देशांत पोहोचला.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण श्रीलंकेचे. गॉल बंदरात १६५९ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचे 'आवोंडस्टर' हे जहाज नांगर सुटून किनाऱ्यावर आदळले. २००१ पासून डच साहाय्याने त्याचे उत्खनन सुरू झाले. ते हाती घेताना श्रीलंकेचे स्वतःचे पथक तयार करणे हा मुख्य हेतू ठेवण्यात आला होता. जहाज किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आणि उथळ पाण्यात असल्याने पोर्ट रॉयलप्रमाणेच ते शिकण्यासाठी सोयीचे होते. स्थानिक पुरातत्त्वज्ञ बुडी मारायला, नोंदी ठेवायला, संवर्धन करायला शिकले. आणि मग २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली. बंदरालगतचे पथकाचे कार्यालय आणि प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली. काढलेल्या वस्तूंपैकी कित्येक पुन्हा समुद्रात गेल्या.

इमारत गेली, माणसे उरली. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर गोडवाया येथे कोळ्यांना सापडलेल्या वस्तूंवरून एका प्राचीन जहाजाचा पत्ता लागला, तेव्हा २००८ पासून त्याची पाहणी करण्यात याच सागरी पुरातत्त्व पथकाचा वाटा होता. काचेच्या लाद्या, धातू, दगडी पाटे असा माल वाहणारे हे जहाज सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे असून हिंदी महासागरात आजवर सापडलेले ते सर्वांत जुने जहाज मानले जाते. तीस मीटरहून अधिक खोल, प्रवाहाच्या पाण्यात ते पडले आहे. तेथील पुढील उत्खननात टेक्सासचे संशोधकही सहभागी झाले. आवोंडस्टरवरील काही वर्षांचे शिक्षण नसते, तर कोळ्यांनी दाखवलेल्या या जागेवर जायला श्रीलंकेकडे स्वतःचे पथकच नसते.

गोव्याच्या किनाऱ्यावर

भारतात या विद्येचा आरंभ झाला तो गोव्यातून. लोथलच्या उत्खननाने नावाजलेले पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या पुढाकाराने दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ मध्ये सागरी पुरातत्त्व विभाग सुरू झाला आणि १९८३ पासून द्वारकेच्या समुद्रात शोध घेतला गेला. भारतात पुरातत्त्वज्ञांना पाणबुडे करण्याची कोणतीही शाळा तेव्हा नव्हती. संस्थेनेच पुरातत्त्वाचे पदवीधर, भूशास्त्रज्ञ आणि पाणबुडे यांची जुळणी करून पथक उभे केले. काम करता करता शिकणे हाच अभ्यासक्रम. द्वारकेच्या पाण्यातून शंभराहून अधिक दगडी नांगर नोंदवले गेले. वृत्तपत्रांना रस होता तो श्रीकृष्णाच्या नगरीत. संशोधकांनी मात्र पुढील काळात नांगरांचे आकार, छिद्रे आणि दगडाचा प्रकार यांची चिकाटीने तुलना केली, आणि त्यातील बरेच अवशेष ऐतिहासिक काळातील बंदराचे असावेत, असे मत पुढे आले. नांगर मोजणे हे कोणत्याही फील्ड स्कूलमधील पहिल्या आठवड्याचे काम. द्वारकेच्या वादात निर्णायक ठरण्याची ताकद असलेला पुरावाही नेमका तोच.

गोव्याच्या किनाऱ्यालगत सुंची खडकावर सतराव्या शतकाच्या आरंभीच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. त्यांत हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी आणि लोखंडी तोफा होत्या. आफ्रिका, चीन आणि गोवा यांचा व्यापार एकाच खडकावर सांडलेला. सेंट जॉर्ज खडकावरच्या दुसऱ्या एका जहाजात भाजलेल्या मातीची कौले व स्तंभांचे भाग होते आणि त्यांवर बासेल मिशनच्या कौल कारखान्याचा १८६५ या आकड्यासह शिक्का होता. नवखा विद्यार्थी जहाज १८६५ चे, असे लिहून मोकळा होईल. वस्तुतः ते कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष आहे. जहाज त्यानंतर बुडाले, एवढेच त्यावरून निश्चित होते. कोकणातल्या घरांवर मंगलोरी कौले पाहत वाढलेल्या मुलाला हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून लवकर समजेल.

विजयदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्याखालील भिंतीची आख्यायिका कोकणात सर्वश्रुत आहे. शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटत, असे सांगतात. गोव्याच्या संस्थेने १९९० च्या दशकात या भिंतीची आणि वाघोटन खाडीतील जुन्या गोदीची पाहणी केली. उथळ पाणी, किनाऱ्याची जवळीक, दगडकाम हाताने मोजण्याजोगे: शिकाऊ पथकासाठी याहून सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल. पावसाळ्यात काम बंद आणि खाडीच्या तोंडाशी पाणी गढूळ, एवढीच काय ती अडचण. पोर्ट रॉयलचे पाणीही फार निवळ नव्हते.

महाराष्ट्राजवळ यासाठी लागणारे सुटे भाग आहेत. पुण्यात डेक्कन कॉलेजसारखी संस्था आहे, जिच्या विद्यार्थ्यांनी इनामगावात हात मळवून घेतले. मालवणजवळ तारकर्ली येथे राज्य पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. शेजारी दोनापावलला चार दशकांचा अनुभव असलेली संशोधन संस्था आहे. मालवणचा पाणबुडा पुण्याच्या विद्यार्थ्याला बुडी शिकवील, पुण्याचा विद्यार्थी त्याला खापर ओळखायला शिकवील आणि वर काढलेल्या वस्तूची जबाबदारी गोव्याची प्रयोगशाळा घेईल, अशी नियमित सांगड पडली तर दर हिवाळ्यात एक हंगाम चालवणे अशक्य नाही. दरम्यान किनाऱ्यावर बंदरे, धक्के आणि गाळउपसा यांची कामे वाढत आहेत, आणि गाळ काढणारे यंत्र थरांची नोंद ठेवत नाही.

राष्ट्रीय पातळीवर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने २००१ मध्ये स्वतःची जलमग्न पुरातत्त्व शाखा स्थापन केली. लक्षद्वीपमधील बंगाराम बेटाजवळचे बुडालेले जहाज आणि द्वारका ही तिची आरंभीची कामे. पुढे ती बराच काळ मंदावली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलोक त्रिपाठी यांच्या नेतृत्वाखाली विभागाचे पाच जणांचे पथक गोमती खाडीजवळ द्वारकेच्या पाण्यात पुन्हा उतरले. त्यांत तीन महिला पुरातत्त्वज्ञ होत्या.